काटुंगीच्या ताटातले तूप

९ फेब्रुवारी २००३

केबिरुंगी,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातले नसशील, असे धरून लिहितो. घातले असशील तर वाचणारे कोणी नाही, म्हणजे मला लाजायचेही कारण नाही.

तुझा भाऊ जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकले, नाहीतर माझे पत्र पाहून तू भलतेच समजशील. जानेवारीत काटुंगीला आपल्याकडच्या इस्पितळातून इकडे कंपालाजवळ हलवले. कणा मोडलेल्या माणसांना इथे पुन्हा जगायला शिकवतात. बेंबीच्या खाली त्याला काही कळत नाही. पाय आहेत, पण त्यांत तो नाही. हात चांगले आहेत, डोके चांगले आहे, जीभ तर पूर्वीपेक्षा जास्त चालते. पाठीवरची जखम भरत आली आहे.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. घेवडा कसा शिजवतात?

हसू नकोस. इथे इस्पितळ औषध देते, जेवण देत नाही. ज्याने त्याने आपल्या माणसाला रांधून घालायचे. मागे पत्र्याची शेड आहे, तिथे ओळीने कोळशाच्या शेगड्या मांडलेल्या. चौदा बाया आणि मी. तुझी आई असती तर ही वेळ आली नसती. आपल्या सात पिढ्यांत कोणा पुरुषाने भांडे ढवळलेले नाही आणि बाई असो की पुरुष, कोणी कुदळ धरलेली नाही. दूध काढले, दूध प्यालो, लोणी आले, तूप आले, एवढेच आपले अन्न. मी त्याला तेच देत होतो. जखम भरायची तर त्याला खाऊ घाला, असे पहिल्या डॉक्टरनेच सांगितले होते. मी घातले. आता इथे म्हणतात, थांबा.

इथे सिस्टर नान्तेझा नावाची बाई आहे. कोणी काय खायचे ते ती ठरवते. स्वतः काडीसारखी. शिंप्याची फीत घेऊन येते आणि काटुंगीचे पोट मोजते. मला म्हणाली, "बाबा, मांड्या आणि पोटऱ्या म्हणजे माणसाच्या मोठ्या चुली. याच्या त्या विझल्यात. तुम्ही लाकडं मात्र पूर्वीइतकीच आणताय. मग ती रचायची कुठं? पोटावर, रक्तात, काळजाभोवती."

मी म्हणालो, "बाई, आमच्यात आजाऱ्याला तूप देत नाही असा बाप नसतो."

"मग तुमच्यात आजारी बरे कसे होतात?" म्हणाली. फार उद्धट आहे.

काटुंगीचे वजन ब्याण्णव किलो आहे. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर त्याने स्वतःला दोन हातांवर उचलून न्यायचे, हे इथले शिक्षण. मे अखेरपर्यंत मुदत आहे, मग ही खाट दुसऱ्याला. तोवर जमले तर खुर्चीत बसून घरी जाईल. नाही जमले तर झोळीत घालून न्यायचा, आणि पुढे जन्मभर कोणीतरी त्याला उचलायचे. तो बत्तीस वर्षांचा. मी एकाहत्तर. ते कोणीतरी म्हणजे मी, तर किती वर्षे?

म्हणून घेवडा. तूप न घालता कसा करतात ते लिही. जळतो का? पाणी किती? तुमच्याकडे तो रोज होतो असे ऐकले आहे.

नोव्हेंबरात तू तिकडच्या इस्पितळात आली होतीस त्या दिवशी फाटकावर फार गर्दी होती. त्यामुळे भेट झाली नाही.

तुमच्या चर्चच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतो. मिळाले की नाही ते कळव. टपालवाल्यांचा मला भरवसा नाही.

तुझा बाप,
काफुरेका

१ मार्च

केबिरुंगी,

तुझे उत्तर मिळाले. आठ ओळी. मी मोजल्या. वर माझे नाव नाही, खाली तुझे नाही. 'रात्री भिजवा. भिजवलेलं पाणी फेका. नवं पाणी चार बोटं वर. मंद आचेवर ठेवा, झाकण अर्धं. दाणा बोटात दाबून मऊ लागला की टोमॅटो. मीठ शेवटी आणि कमी. राजगिऱ्याचा पाला चिरून वर घाला. काटुंगीला कांदा आवडत नाही.'

ही शेवटची ओळ मी पुष्कळदा वाचली. बत्तीस वर्षे एका कुंपणात राहिलो, मला माहीत नव्हते. त्याला विचारले तर म्हणाला, "ताता, आपल्या घरी कांदा आला कधी, म्हणून तुम्हाला कळावं?" खरे आहे. तो तुझ्याकडे खाऊन आलेला.

पहिल्या दिवशी मी दाणे भिजवायला विसरलो. सकाळपासून दुपारपर्यंत शेगडीपुढे बसलो, दाणा तो दाणाच. शेजारच्या शेगडीवर अमोंगिन नावाची पूर्वेकडच्या तेसो मुलखातली बाई असते. तिचा नवरा आंब्याच्या झाडावरून पडला, मान गेली. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण बोलते सासूसारखी.

"म्हातारबा, काय शिजवताय? खडी?"

"घेवडा आहे."

"मग त्याला सांगा की तो घेवडा आहे. त्याला अजून कळलेलं दिसत नाही."

सगळी शेड हसली. मी उठून जाणार होतो. पण पोराला जेवायला काय देणार? तिनेच मग आपल्या पातेल्यातून एक वाटी दिली आणि माझ्या पातेल्यात काहीतरी बघून नाक मुरडले. आता रोज येऊन झाकण उचलते. म्हणते, गाईवाला माणूस रांधताना बघायला मिळणं म्हणजे जत्राच.

दुसरी अडचण तुला ठाऊक आहेच. घेवडा खाल्ला त्या दिवशी दूध चालत नाही. दोन्ही एका पोटात गेले की गाईच्या सडातून रक्त येते. आपली बिहोगो गाय नुकतीच व्यालेली आहे. गाई सध्या माझ्या पुतण्याकडे आहेत आणि तो एक झोपाळू. मी सिस्टरला सांगितले, बाई, घेवडा देतो पण मग दूध नाही. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या गाई अडीचशे किलोमीटरवर. त्यांना सांगायला कोण जाणार?"

"गाईंना कळतं," मी म्हणालो.

ती हसली नाही, हे तिच्या बाजूने लिहिले पाहिजे. थोडा विचार करून म्हणाली, "बरं. एक दिवस घेवडा, पाला आणि नाचणी. एक दिवस साय काढलेलं दूध, नाचणीचीच पेज आणि मासा. गाई खूश, मीही खूश." मासा मी शिजवणार नाही असे सांगितले. तो अमोंगिन शिजवते आणि मी दुसरीकडे तोंड करून बसतो.

वजन अजून उतरलेले नाही. का ते सिस्टरला कळत नाही.

काफुरेका

२३ मार्च

केबिरुंगी,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडले. चौथी इयत्ता शिकलेल्या माणसाला लिहिणे आधीच जड, त्यात असले लिहायचे.

काटुंगीचे वजन त्र्याण्णव झाले. एक किलो वाढले. सिस्टर माझे पातेले हुंगून गेली, मिठाची डबी बघून गेली. काही सापडले नाही. परवा सकाळी तो हाताने फिरवायच्या चाकांवर बसला होता. पायडलासारखीच असतात, फक्त हातांसाठी. काळजाला धावायला लावायचे तर आता हातांनीच, म्हणून रोज अर्धा तास. दहा मिनिटे झाली नसतील, त्याचा चेहरा राखेसारखा झाला. कपाळावर घाम. म्हणाला, "छातीवर कोणीतरी बसलंय, ताता." मी हाका मारल्या त्या खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेल्या असतील. त्याला झोपवले, छातीला तारा लावल्या, लांब कागद निघाला. डॉक्टर म्हणाला, झटका नाही, यावेळी नाही. पण रक्त तपासले तर त्यात वाईट चरबी भरलेली आणि काळजाला राखणारी चांगली चरबी नावाला. दाबही वाढलेला. "याचं काळीज साठीच्या माणसासारखं वागतंय," डॉक्टर म्हणाला. "आणि याच्यासारख्यांना पुढच्या वेळी छातीत नीट दुखेलच असंही नाही. कळायच्या आत होऊन जाईल."

सिस्टर नान्तेझा माझ्याकडे बघत होती. मीच उठलो आणि खाटेखालून लाकडी चरवी काढून तिच्यापुढे ठेवली.

तुला ती चरवी माहीत आहे, तुझ्या आईची, विणलेल्या टोकदार झाकणाची. पुतण्या दर पंधरवड्याला बसवाल्याबरोबर तूप पाठवत होता. घेवड्याच्या दिवशी मी हात लावला नाही, गाईंची मला भीती होती. पण दुधाच्या दिवशी त्याच्या पेजेत दोन मोठे चमचे, कधी तीन. वर फेटलेल्या तुपाचे पांढरे कालवण, थोडे खारे, जसे आपण पाहुण्याला देतो. मला वाटत होते, या केळी खाणाऱ्या लोकांना तुपाची किंमत काय कळणार. आणि दुसरे कारण होते. तो वाळलेला घरी आला तर लोक काय समजतील? त्या एड्स रोगाचे नावच आपल्याकडे 'स्लिम', म्हणजे वाळका, पडले आहे. कण्याची गोष्ट कोणी ऐकणार नाही. म्हणतील, काफुरेकाच्या पोराला ते झाले.

मी काटुंगीला म्हणालो, "तुला न सांगता घातलं. मला माफ कर."

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "ताता, मी आंधळा झालेलो नाही. तूप मला पहिल्या घोटाला कळायचं."

"मग का प्यालास?"

"तुम्ही वाटी देऊन समोर बसायचात ना. तोंडाकडे बघत. तुमचं तेवढंच तर चाललं होतं इथं."

केबिरुंगी, तेव्हा मला तू आठवलीस. मी ठरवलेल्या तुझ्या लग्नाआधीचे ते तीन महिने. तुला कुंपणाआड बसवून मी रोज चरव्या भरून दूध पाजवत होतो. नवरी भरलेली दिसली पाहिजे, चालताना डुलली पाहिजे, शंभर गाईंच्या धन्याकडे द्यायची होती. तू ओकत होतीस आणि मी तुझ्या आईला म्हणत होतो, पुन्हा भर. तू एक दिवस तशीच पातळ, अनवाणी, त्या माणसाबरोबर निघून गेलीस. चौदा वर्षे मी लोकांना सांगितले की पोरगी कुदळवाल्याच्या नादी लागली. दुधाचे कोणाला सांगितले नाही.

आणि फाटकावर गर्दी नव्हती. तू होतीस, मी होतो आणि पहारेकरी होता. तू त्याच्यासाठी डबा आणला होतास. मी म्हणालो, 'तुझ्या घेवड्याने माझ्या पोराचा कणा मोडला.' कारण तो तुझ्याकडून परतताना पडला, मोटारसायकलच्या मागे तुझे पोते बांधलेले होते आणि दाणे रस्ताभर पसरले होते. त्याला धडक देऊन गेलेल्या ट्रकवाल्याला मी काही बोललो नाही. तो सापडला नाही. तू सापडलीस.

उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नकोस. पण मी पातेले टाकलेले नाही.

तुझा बाप

२० एप्रिल

केबिरुंगी, बाळ,

पोते मिळाले. बसच्या टपावरून उतरवताना एक कोपरा फाटला, पण मी आणि अमोंगिनने एकूण एक दाणा वेचला. लाल ठिपक्यांचा घेवडा वेगळा, काळा वेगळा, वाळवलेल्या पाल्याची पुरचुंडी, नाचणीचे पीठ. चिठ्ठी मात्र दोन ओळींचीच. 'काळा घेवडा आधी वापरा. तुमचीही तब्येत बघा.' दुसरी ओळ मी काटुंगीला वाचून दाखवली. तो म्हणाला, "ऐकली, ताता. चौथ्यांदा ऐकली."

माझ्या तब्येतीचे सांगतो. त्या दिवसानंतर सिस्टरने माझाही दंड बांधून दाब बघितला आणि म्हणाली, "तुम्हीही त्याच ताटात जेवा." मी म्हणालो, माझ्या पायांत अजून चूल पेटलेली आहे. ती म्हणाली, "पेटलेली आहे, पण धूर फार येतोय." मग खाल्ला. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा घेवडा खाल्ला. सगळी शेड बघत होती. अमोंगिनने विचारले, "कसा आहे?" मी म्हणालो, "मातीसारखा लागतो." ती म्हणाली, "मातीतूनच येतो, म्हातारबा. तुमचं दूध काय ढगातून येतं?"

आता मातीसारखा लागत नाही. तुझा काळा तर चांगलाच लागतो. चरवी मी पुतण्याकडे परत पाठवली, आणि रिकामी पाठवली तशी रिकामीच ठेव म्हणून सांगितले. बिहोगोच्या सडांचे विचारले होते. ठीक आहेत म्हणतो. नीट बघितले असेल की नाही कोण जाणे.

वजन अठ्ठ्याऐंशी. छातीत पुन्हा काही झाले नाही. हाताची चाके तो आता सलग पंचवीस मिनिटे फिरवतो आणि वर शिट्टी वाजवतो. पोटही वेळेवर साफ होऊ लागले, पाला आणि पाण्याने. असल्या गोष्टी बापाने लेकीला लिहू नयेत, पण इथे सकाळी सगळे एकमेकांना आधी तेच विचारतात.

पण उचलणे जमत नाही. खाटेशेजारी खुर्ची तिरकी लावतात, एक मूठ गादीवर, एक खुर्चीच्या कडेवर, डोके पुढे, ढुंगण वर आणि सरक. तो वर येतो, वीतभर येतो, दंड थरथरतात आणि परत गादीवर आदळतो. परवा दोन्हींच्या मधे अडकला. मी धावलो. व्यायाम शिकवणारा माणूस मधे आडवा झाला.

"हात लावायचा नाही, बाबा."

"पडेल तो."

"पडू दे. मी आहे. तुम्ही घरी उचललात तर तो कायमचा तुमच्या हातावर राहील."

"माझा मुलगा आहे."

"म्हणूनच सांगतो."

तेव्हापासून त्या वेळेला मी स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसतो. बोटे बधिर होतात. काटुंगी म्हणतो, "ताता, तुमच्याकडे बघून मला हसू येतं आणि हसू आलं की जोर जातो. बाहेर जाऊन बसा." मी जात नाही.

महिना आणि दहा दिवस उरले.

तुझा बाप

२८ मे

केबिरुंगी,

झाले.

सोमवारी सकाळी पाऊण तास प्रयत्न करून तो दमला होता. व्यायामवाला म्हणाला, आज पुरे. काटुंगी म्हणाला, एकदाच. त्याने डोके इतके पुढे घातले की मला वाटले आता तोंडावर येतो. दंडांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या आणि तो उठला, गादीपासून सुटला, हवेत होता, बाळ, मधल्या फटीवर एक क्षण हवेत होता, आणि खुर्चीत पडला. वाकडा पडला, एक पाय मागे राहिला. त्याने तो पाय हाताने उचलून पायटीवर ठेवला, जसा कोणी दुसऱ्याची वस्तू नीट ठेवतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताता, आता तरी श्वास घ्या."

मी बाहेर जाऊन शेडमध्ये बसलो. माझे पातेले करपत होते, ते अमोंगिनने उतरवून ठेवले. तिचा नवरा कधी हात उचलू शकणार नाही, हे तिला माहीत आहे. तरी दुपारी तिनेच सगळ्या बायकांना सांगितले की गाईवाल्याचा पोरगा उडाला.

काल पाच वेळा केले, त्यातले तीनदा सरळ. वजन चौऱ्याऐंशी. रक्तही सुधारले आहे, पूर्ण नाही. सिस्टर म्हणाली, हे औषधासारखं महिन्याभराचं नाही, हे आता त्याच्या जन्माचं जेवण. तिने त्याच्या दंडाला फीत लावली, पोटाला नाही. मला वाटते ती खूश असते तेव्हा असेच करते.

आता दुसरी काळजी. तिने विचारले, घर कसे आहे? मी खरे सांगितले. टेकडीवर, वर जायला गुरांची पायवाट, पावसात गुडघाभर चिखल, दाराशी काटेरी कुंपण. खुर्ची फाटकापर्यंतही जाणार नाही. आणि चिखलापेक्षा मला माणसांची भीती वाटते. तो घरी आला की प्रत्येक घरातून तुपाची चरवी येईल. पुतण्याची बायको, माझे भाऊबंद, सगळे. त्याला पाहून रडतील आणि पाजतील. नाही म्हटले तर म्हणतील, म्हातारा पोराला उपाशी मारतो. ते त्याला प्रेमाने मारतील आणि मी त्यांना थांबवू शकणार नाही, कारण मीच तेच केले आहे.

तो इथे रेडिओ दुरुस्त करायला शिकला. त्याला सडकेवरची जागा हवी, जिथे लोक थांबतील. सपाट अंगण हवे. चुलीवर घेवडा हवा.

तुझे घर सडकेवर आहे, हे मला माहीत आहे. बसमधून जाताना दोनदा पाहिले. दोन्ही वेळा मी मान फिरवली, पण आधी पाहिले.

तुला विचारणार नाही. तुला विचारणे म्हणजे घरच्या धन्याला ओलांडून जाणे. सोबत दुसरे पत्र आहे, ते ज्याचे आहे त्याला दे. उघडू नकोस. उघडशील, मला माहीत आहे.

तुझा बाप

२८ मे

श्री. काकुरू यांस,

मी केबिरुंगीचा बाप. आजवर मी तुमचे नाव उच्चारले नाही, लिहिलेही नाही. तुम्ही माझ्याकडे मागणी घालायला आलात तेव्हा मी तुम्हाला कुंपणाबाहेर उभे ठेवले. प्यायला दूध दिले नाही. तुम्ही शेळ्या आणल्या होत्या, त्या मी परत हाकलल्या आणि म्हणालो की कुदळवाल्याच्या घरी माझी मुलगी जाणार नाही. ती गेली. ती तुमच्या घरी चौदा वर्षे नीट नांदली, हे काटुंगीने मला वेळोवेळी सांगितले आणि मी वेळोवेळी उठून गेलो.

मुलीच्या बापाने जावयाच्या दारी मागायला जायचे, अशी रीत आमच्यात नाही. तुमच्यातही नसेल. मी मागतो आहे.

तुमच्या घराला सडकेकडची एक खोली आहे. ती काटुंगीला द्याल का? तो स्वतः उठतो, स्वतः बसतो, स्वतःचे अंग धुतो. त्याला उचलावे लागत नाही. त्याला रेडिओचे काम येते. त्याच्या जेवणात तूप नको, साय नको, मीठ बेताचे. तुमच्या घरात जे रोज शिजते ते त्याच्या काळजाला मानवते. महिन्याहून अधिक तो तुमच्याच शेतातले खातो आहे, आणि पोते पाठवल्याबद्दल मी तुमचे आभारही मानलेले नाहीत. ते आता मानतो. खुर्चीसाठी दार रुंद लागेल. मी स्वतः येण्याबद्दल काही म्हणत नाही. मी टेकडीवर राहीन.

नाही म्हणायचे असेल तर तुम्ही स्वतः लिहा. केबिरुंगीला लिहायला लावू नका. तिच्या अक्षरात तेवढे एक वाचणे मला सोसवणार नाही.

आपला,
काफुरेका

६ जून

केबिरुंगी,

तुला घरी कळले असेलच, तरी माझ्याकडून लिहितो.

मी टपालाची वाट बघत होतो. रोज फाटकावर जाऊन पहारेकऱ्याला विचारत होतो, तो वैतागला होता. काल दुपारी शेडमध्ये पातेले ढवळत होतो, तर अमोंगिन म्हणाली, "म्हातारबा, कोणीतरी तुमच्याकडे बघत उभं आहे, आणि त्याच्या पायांना आमच्यासारखी माती आहे." वर पाहिले. मी त्याला ओळखले नाही. केस पांढरे होऊ लागलेत. त्यानेच गुडघे वाकवून नमस्कार केला. मी हातातला चमचा कुठे ठेवावा हे न कळून तसाच उभा राहिलो.

तो पत्राबद्दल एक शब्द बोलला नाही. खिशातून सुतळी काढली. म्हणाला, "खुर्ची बघायची होती." वॉर्डात जाऊन त्याने खुर्चीची रुंदी सुतळीने मोजली आणि गाठ मारली. मग काटुंगीला म्हणाला, "कोपर बाहेर काढून चालवून दाखव," आणि कोपरांसकट मोजून दुसरी गाठ मारली. मला हे सुचले नसते. काटुंगीने त्याच्यासमोर खाटेवरून खुर्चीत उडी घेतली, मुद्दाम दिमाखात, आणि जवळजवळ पडला. दोघे हसले. त्यांचे फार जमते, असे दिसते.

मी विचारले, "खोली?"

"खोली रिकामीच आहे. बियाणं ठेवायचो, ते हलवलं. दार अरुंद आहे. चौकट काढावी लागेल. सोमवारपर्यंत होईल." मग माझ्याकडे न बघता, "दोन खाटा बसतात. बसतात का ते आधीच बघितलं."

मी शेडमध्ये जाऊन ताट वाढले. पाहुण्याला काय वाढावे, माझ्याजवळ दुसरे काही नव्हतेच. त्याचाच घेवडा, पाला आणि नाचणीचा गोळा. तो शेगडीजवळ लाकडावर बसून खाऊ लागला. चौदा बाया आपापली कामे टाकून बघत होत्या. मी विचारले, "कसा झालाय?"

त्याने नीट चावून विचार केला. "मीठ कमी आहे."

"तेवढंच मिळेल," मी म्हणालो.

त्याने सगळे संपवले आणि बोटे चाटली. संध्याकाळची बस चुकेल म्हणून लगेच निघाला. मी फाटकापर्यंत गेलो. आम्ही बुधवारी निघतो, तोवर सिस्टरने खाटेची मुदत वाढवून घेतली आहे; इस्पितळाची गाडी म्बरारापर्यंत, पुढे तो ट्रक घेऊन येणार आहे. काटुंगीला ट्रक बघून कसे वाटेल याची मला काळजी आहे. तुझा नवरा म्हणाला, खुर्ची मधोमध बांधू आणि मी शेजारी बसेन.

बस सुटायला लागली तेव्हा मी "काकुरू" म्हणून हाक मारली. त्याने दारातून मान बाहेर काढली. पुढे काय बोलायचे ते मी ठरवलेले नव्हते. म्हणालो, "सावकाश जा."

तुझा बाप,
काफुरेका